मोटरहोममागे गाडी: आधी गिअरबॉक्स, मग ब्रेक, शेवटी दांडा

थंडी सुरू झाली की बहरीनमधल्या गाड्या दक्षिणेकडे वळू लागतात. साखिरच्या वाळवंटात तंबू उभे राहतात. पाण्याच्या टाक्या, जनरेटर, बग्गी, क्वाड बाइक आणि पिकअपमागे जोडलेले कॅरव्हॅन असा सगळा संसार तिकडे जातो. मनामाच्या सलमानिया भागातून निघालेले आमच्यासारखे लोक शुक्रवार-शनिवार तिथे काढून परत येतात. तळ एकदा टाकला की तो हलवत नाहीत. दूध, पाव, बर्फ किंवा औषध आणायचे झाले तर लहान गाडी हाताशी लागते. बहरीन उत्तर-दक्षिण पन्नासेक किलोमीटरचे बेट आहे. त्यामुळे ती लहान गाडी घरातले दुसरे कुणीतरी चालवत आणते आणि प्रश्न तिथेच मिटतो.

अमेरिकेत तो मिटत नाही. मुलांकडे सुट्टीला जाणारी आखातातली मराठी कुटुंबे मोटरहोमच्या प्रवासाची आखणी करतात, किंवा तिकडे स्थायिक झालेले नातेवाईक निवृत्तीनंतर मोटरहोम विकत घेतात, तेव्हा तीन-चार हजार किलोमीटरचा पल्ला समोर असतो आणि दुसरा चालक नसतो. म्हणून लहान गाडी मोटरहोमच्या मागे जोडतात आणि तिच्या चारही चाकांवर ओढत नेतात. ट्रेलर नाही, पुढची चाके उचलणारी डॉली नाही. गाडी स्वतःच्या टायरांवर रिकामी धावते. हे करायला काय काय लागते, असे विचारले की बहुतेक जण जोडणीच्या दांड्यापासून सुरुवात करतात, कारण तोच डोळ्यांना दिसतो. माझे म्हणणे असे आहे की दांडा सगळ्यात शेवटी घ्यावा. पहिला प्रश्न मागच्या गाडीच्या गिअरबॉक्सचा आहे आणि दुसरा तिच्या ब्रेकचा. या दोहोंची उत्तरे नीट मिळाली नाहीत तर उत्तमातला उत्तम दांडाही गाडी वाचवू शकत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असेल तर पंप बंद. पण गाडी ओढली जात असताना चाके फिरतात, चाकांबरोबर एक्सल फिरतात आणि त्यांच्याबरोबर गिअरबॉक्समधले काही भागही फिरत राहतात. त्यांना तेल मिळत नाही. न्यूट्रलमध्ये टाकल्याने इंजिन सुटे होते, गिअरबॉक्समधले फिरणे थांबत नाही. काही किलोमीटर हे चालून जाते. शेकडो किलोमीटर महामार्गाच्या वेगाने गेले की बेअरिंग आणि गिअर तापून खराब होतात. बाहेरून काहीच कळत नाही. मुक्कामाला पोहोचून गाडी सुरू केली की मगच नुकसान समोर येते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्सची गोष्टही बहुतेक वेळा अशीच. विजेवरच्या गाड्यांत अडचण वेगळी आहे: चाके फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते. टेस्ला तर आपल्या गाड्या चारही चाके जमिनीवरून उचलूनच न्याव्यात असे सांगते.

मॅन्युअल गिअर म्हणजे निर्धास्त, हा समजही अर्धाच खरा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ मॅन्युअल गाड्यांत डिफरन्शियलचे मोठे चक्र तेलात बुडालेले असते आणि ते फिरताना तेल वर उडवते, म्हणून त्या तगतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये खालचा शाफ्टच थांबलेला असतो, तेल वर जात नाही आणि वरचा शाफ्ट कोरडा फिरतो. म्हणून उत्तर एकाच ठिकाणी सापडते: त्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत. तेही त्याच सालच्या आणि त्याच गिअरबॉक्सच्या. होंडा सीआर-व्ही हे याचे चांगले उदाहरण. अमेरिकेत 2014 पर्यंतची सीआर-व्ही मोटरहोमवाल्यांची लाडकी होती, कारण ठरलेल्या क्रमाने गिअर फिरवून, इंजिन न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालू ठेवून ती ओढायला होंडाची परवानगी होती. 2015 साली तिच्यात सीव्हीटी आला आणि परवानगी गेली. नाव तेच, आकार जवळपास तोच, पण ओढायला निरुपयोगी. आखातात विकली जाणारी गाडी आणि अमेरिकेत विकली जाणारी गाडी यांत इंजिन-गिअरबॉक्सचा फरक असू शकतो, हेही आपल्याकडच्या लोकांनी ध्यानात ठेवावे. इथल्या गाडीचा अनुभव तिकडे लागू होईलच असे नाही. बहरीनमध्ये घरोघर दिसणाऱ्या टोयोटाच्या ऑटोमॅटिक गाड्यांना अमेरिकेतली टोयोटाची पुस्तिका या कामासाठी साफ नकार देते.

मग चालते काय? सगळ्यात निर्वेध उत्तर म्हणजे जिच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत, खरा न्यूट्रल आहे अशी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी. जीप रँग्लर त्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि ती मनामाच्या रस्त्यावरही पदोपदी दिसते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेला की चारही चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. गिअरबॉक्स पूर्ण स्तब्ध राहतो. म्हणूनच जीपची सूचना पहिल्यांदा वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटते: ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक गिअर मात्र पार्कमध्ये, गाडी मॅन्युअल असेल तर ती गिअरमध्ये टाकलेली.

इथे एक पायरी कधीही गाळू नये. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकल्यावर, ब्रेकवर पाय ठेवून इंजिन चालू असतानाच गिअर पुढे आणि मागे टाकायचा, मग ब्रेक सोडून गाडी तसूभरही सरकत नाही ना, याची खात्री करायची. ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलऐवजी लो-रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या टप्प्यात, अडकला असेल तर काय होते याचा हिशोब मांडून पाहा. रँग्लर रुबिकॉनच्या मॅन्युअल गाडीत पहिला गिअर 5.13, लो-रेंज 4 आणि एक्सल 4.10. गुणाकार सुमारे 84 येतो. ताशी 100 किलोमीटरला तिची 33 इंची चाके मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फिरतात. म्हणजे इंजिनाला मिनिटाला पन्नास हजारांहून जास्त फेरे घ्यावे लागतील. ते बनवले आहे साडेसहा हजारांच्या आसपासच्या मर्यादेसाठी. इंजिनाच्या ठिकऱ्या उडतात, आणि पुढे मोटरहोम चालवणाऱ्याला महामार्गाच्या आवाजात पत्ताही लागत नाही. दोन मिनिटांच्या त्या तपासणीवर अख्खी गाडी अवलंबून असते.

गिअरबॉक्सनंतर वजन. मोटरहोमच्या मागे जी चौकोनी पोकळ नळी असते, तिला हिच रिसीव्हर म्हणतात. तिच्यावर 5,000 पौंड, 10,000 पौंड असा आकडा छापलेला असतो आणि तोच वाचून लोक निश्चिंत होतात. तो आकडा फक्त त्या लोखंडाचा आहे. खरी मर्यादा चॅसिस ठरवते. पेट्रोलवर चालणारी पुष्कळ अमेरिकी मोटरहोम फोर्डच्या एफ-53 चॅसिसवर बांधलेली असतात. तिची एक आवृत्ती 22,000 पौंडांची, म्हणजे भरलेले मोटरहोम जास्तीत जास्त एवढे वजनाचे असू शकते. मोटरहोम आणि मागची गाडी मिळून मर्यादा 26,000. वजा करा: मोटरहोम पूर्ण भरले असेल तर मागे उरतात 4,000 पौंड, म्हणजे अठराशे किलोच्या आसपास. हिचवर 5,000 लिहिलेले असले तरी. चार दारांची रँग्लर या चार हजारांत बसत नाही. जुनी सीआर-व्ही साडेतीन हजारांच्या घरात असल्याने बसते. पाण्याची टाकी भरली, वरच्या कप्प्यांत धान्य-भांडी कोंबली, बायकापोरे चढली, की हा हिशोब अजून आवळतो. म्हणून सगळे सामान आणि माणसे घेऊन मोटरहोम एकदा वजनकाट्यावर नेणे हा पहिला खर्च असावा. तो सगळ्यात स्वस्तही आहे.

आता दांडा. घ्यायचा तो शेवटीच, पण ब्रेककडे वळण्याआधी त्याची ओळख करून घेऊ. इंग्रजी ए अक्षरासारखा तो दिसतो: टोक मोटरहोमच्या रिसीव्हरमध्ये, दोन बाहू मागच्या गाडीच्या पुढच्या बाजूला. रोडमास्टर, ब्लू ऑक्स आणि डेमको या अमेरिकी कंपन्यांचे दांडे सर्वाधिक दिसतात. चांगल्या दांड्याचे बाहू दुर्बिणीसारखे आतबाहेर सरकतात. गाडी थोडी वाकडी लावली तरी जोडता येते आणि मोटरहोम पुढे सरकले की बाहू खटकन आपल्या जागी लॉक होतात. दोन्ही बाहू लॉक झाले का, हे उतरून डोळ्यांनी पाहावे लागते. आवाजावर विसंबू नये. दांड्याला स्वतःची वजनमर्यादा असते: ब्लू ऑक्सचा अव्हेल 10,000 पौंडांचा, रोडमास्टरचा फाल्कन 2 सहा हजारांचा. दांडा, हिच, सुरक्षा केबल आणि चॅसिस यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो तुमचा आकडा.

मागच्या गाडीला दांडा बंपरवर जोडत नाहीत. बंपर काढून आतल्या चौकटीला बेस प्लेट नावाचे पोलादी जोडकाम नटबोल्टने बसवतात आणि तिचे दोन कान बाहेर ठेवतात. ती प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी असते आणि बसवायला कारागिराचे अनेक तास जातात. गाडी बदलली की बेस प्लेट वाया जाते, दांडा मात्र पुढच्या गाडीला चालतो. म्हणून पैसे कमी असतील तर दांड्यात वाचवण्यापेक्षा गाडीच्या निवडीत घाई न करणे शहाणपणाचे. दांडा जमिनीला समांतर असावा. वरखाली फरक तीन-चार इंचांपेक्षा जास्त असेल तर उंची जुळवणारा जोड लावावा, नाहीतर जोराचा ब्रेक मारल्यावर मागची गाडी दांड्याखाली घुसू पाहते किंवा वर चढू पाहते. दोन सुरक्षा केबल दांड्याखालून फुलीच्या आकारात ओलांडून बांधायच्या, म्हणजे दांडा सुटलाच तर त्याचे टोक रस्त्यात रुतण्याऐवजी केबलवर पडते.

बहरीनसारख्या हवेत, म्हणजे खारट दमटपणा आणि पिठासारखी बारीक रेती, या जोडणीची काळजी वेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागते. आमच्या गॅरेजवाल्यांची सवय सगळीकडे ग्रीस फासायची. सरकत्या बाहूंवर जाड ग्रीस रेती धरून ठेवते, ते घासतात आणि अडकतात. पुसून स्वच्छ करून वर सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. पिना मात्र गंजतात, त्या बदलायला मागेपुढे पाहू नये.

ब्रेकविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लोक सर्वाधिक काटकसर इथेच करतात. मोटरहोमला स्वतःचे मोठे ब्रेक आहेत, मग मागच्या दीड टनाचे काय एवढे, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. दीड टनाची गाडी ताशी 100 किलोमीटरने जात असेल तर तिच्यात जवळजवळ 5 लाख 80 हजार जूल ऊर्जा साठलेली असते. वेग 80 वर आणला तर ती 3 लाख 70 हजारांवर येते. वेग पाचव्या हिश्शाने कमी, ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी. ही सगळी ऊर्जा थांबताना कुठल्यातरी ब्रेकमध्ये उष्णता बनून जाते, आणि मागच्या गाडीचे ब्रेक गप्प बसले तर तो सगळा भार मोटरहोमच्या ब्रेकवर येतो. डोंगरउतारावर त्याचा अर्थ काय, हे खंडाळ्याचा घाट उतरलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

यासाठी मागच्या गाडीत स्वतंत्र ब्रेकयंत्रणा लावतात. सुटी पेटी हा एक प्रकार: चालकाच्या सीटसमोर ठेवायची, तिचा हात ब्रेकच्या पायदानाला अडकवायचा, वेग कमी होतोय हे तिला कळले की ती पायदान दाबते. दुसरी कायमची बसवलेली यंत्रणा. हवेचे ब्रेक असलेल्या डिझेल मोटरहोममधून हवेची नळी मागे नेऊन ती चालवतात. सुटी पेटी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेता येते, पण प्रत्येक वेळी ठेवावी-काढावी लागते आणि कंटाळा आला की माणसे ती ठेवायची सोडून देतात. वर्षातून बरेच महिने फिरणाऱ्यांनी कायमची बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक बारकावा: गाडीचे इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात-पेटी एक-दोन दाबांनंतर रिकामी होते आणि पायदान दगडासारखे कडक होते. सुट्या पेटीचा जोर त्या कडक पायदानावरच तपासून ठरवावा लागतो. इंजिन चालू ठेवून जमवलेला जोर रस्त्यावर खोटा ठरतो.

याच्याबरोबर ब्रेकअवे स्विच हवा. मोटरहोमला बांधलेली एक बारीक केबल आणि मागच्या गाडीत एक पिन. जोडणी तुटली की पिन उपसली जाते आणि मागची गाडी आपले ब्रेक स्वतः लावून थांबते. अमेरिकेतल्या राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. पुष्कळ राज्यांत 3,000 पौंडांच्या पुढे ब्रेक सक्तीचे होतात. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या वाहनाला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे आणि मोटरहोम व गाडी मिळून 65 फुटांची. कायदा काहीही म्हणो, ब्रेक लावलेच पाहिजेत.

दिव्यांचे थोडक्यात. मोटरहोमचा इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मागच्या गाडीवरही पेटला पाहिजे. चुंबकाने चिकटवायचे दिवे स्वस्त पडतात. गाडीच्या वायरींमध्ये डायोड घालून तिचेच दिवे वापरणे जास्त टिकाऊ. बॅटरीचे दुखणे मात्र किरकोळ नाही. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी बहुतेक गाड्यांत अर्धी फिरवलेली ठेवावी लागते आणि त्या अवस्थेत गाडीतली यंत्रे वीज खात राहतात. दिवसभराच्या प्रवासानंतर बॅटरी मेलेली सापडते. त्यासाठी मोटरहोममधून एक चार्जिंगची वायर मागे नेतात. विजेवर चालणारे स्टिअरिंग असलेल्या काही गाड्यांना तर ओढताना स्टिअरिंगसाठीही वीज लागते, नाहीतर पुढची चाके थरथरू लागतात.

सगळे मिळून, कारागिरीसकट, तीन ते पाच हजार डॉलर सहज जातात. आमच्या दिनारांत अकराशे ते एकोणीसशेच्या आसपास. वर्षातून एकदा पंधरा दिवस फिरणाऱ्याने हा खर्च करू नये. भाड्याने मोटरहोम घेणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही, कारण बहुतेक भाडेकरारांत काहीही ओढायला मनाई असते. त्यांनी मुक्कामाच्या गावी लहान गाडी भाड्याने घ्यावी. ज्यांची गाडी गिअरबॉक्सच्या परीक्षेत नापास होते त्यांना डॉली किंवा ट्रेलर हे दोन मार्ग उरतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी डॉलीवर चालून जाते, पण मुक्कामाला ती डॉली ठेवायला जागा लागते. ट्रेलरवर कुठलीही गाडी नेता येते; त्याचे स्वतःचे वजन मात्र वरच्या 4,000 पौंडांच्या हिशोबातूनच वजा होते.

ब्रिटनमध्ये अशा दांड्याने जोडलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर ठरते आणि 750 किलोंच्या वर तिला चालते ब्रेक लागतात. भारतात मात्र धडधाकट गाडी दुसऱ्या गाडीने ओढायची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. 1989 च्या रस्ते नियमांनुसार बिघडलेली किंवा अर्धवट जोडणी झालेली गाडीच ओढता येत असे, तीही पोहोचती करण्यासाठी किंवा जवळच्या गॅरेज वा पेट्रोल पंपापर्यंत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत आणि मागच्या गाडीत परवानाधारक माणूस बसलेला. महाराष्ट्राने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा कोकणात मोटरहोमने फिरायची स्वप्ने पुष्कळांनी पाहिली. तिथे मागे जीप जोडायचा विचार कुणी करू नये.

सलमानियात राहणाऱ्या माणसाला या सगळ्याचा रोजचा उपयोग आहे तो वेगळ्याच प्रसंगी. ऑगस्टच्या उन्हात गाडी बंद पडते, मित्र दोर घेऊन येतो आणि सलमाबादच्या गॅरेजपर्यंत ओढत नेऊ म्हणतो. प्रश्न तेच तीन: गिअरबॉक्स, ब्रेक, जोडणी. टोयोटाच्या पुष्कळ पुस्तिका आणीबाणीत दोराने ओढायची मुभा देतात, पण गिअर न्यूट्रलमध्ये, वेग 30 किलोमीटरच्या आत आणि अंतर 80 किलोमीटरच्या आत ठेवून. महामार्गावर 30 च्या वेगाने रांगणे स्वतःच धोक्याचे. मागे बसलेल्याचे ब्रेकचे पायदान कडक झालेले असते, स्टिअरिंग जड झालेले असते. ऑटोमॅटिक गाडीसाठी सपाट फळीची रिकव्हरी गाडी बोलवावी. काही दिनार जातात, गिअरबॉक्स राहतो. साखिरच्या वाळूत रुतलेली गाडी ओढताना दोर टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, कधीही अडकवू नये. ताणाखाली तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि माणसे त्याने दगावली आहेत. बूटमधल्या हत्यारांच्या पिशवीत टोइंगचा हूक असतो, तो बंपरमधल्या छोट्या झाकणामागे पूर्ण पिळून बसवावा आणि दोर त्याला लावावा.

मोटरहोमवाल्यांसाठी एक गोष्ट उरते, रिव्हर्सची. चारही चाकांवर जोडलेली गाडी घेऊन मागे जाता येत नाही. पुढची चाके लगेच एका बाजूला वळतात आणि दांड्यावर व बेस प्लेटवर सगळा पीळ येतो. दोन-तीन फुटांतही बाहू वाकू शकतात. म्हणून पेट्रोल पंपात शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. वाट चुकून बोळात शिरलात तर गाडी सोडवणे हाच उपाय. तेही दोन्ही गाड्या शक्य तितक्या सरळ रेषेत आणि सपाट जागी थांबवून, मागच्या गाडीचा हँडब्रेक आधी ओढून. चढावर किंवा वळणात थांबलात तर दांड्यावर ताण राहतो आणि पिन हातोडीनेही निघत नाही.